आतील वस्तूंची स्थिती

१

मास्तरांचं काम म्हणजे कुलपांची परीक्षा घेणं. ते काही शाळेतले मास्तर नव्हते. पण तपासणी केंद्रात तीस वर्षं कुलपांना पास-नापास करत बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? साहेबापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘मास्तर’च होतं.

कारखानदार आपली नवी कुलपं केंद्रात पाठवायचे. सोबत गुळगुळीत कागदाचं पत्रक आणि त्यावर ‘अभेद्य’ हा शब्द हमखास. तो वाचून मास्तर नाकातल्या नाकात हसायचे. त्यांच्या हिशेबी न उघडणारं कुलूप जगात नव्हतंच, किती वेळात उघडतं एवढाच काय तो प्रश्न. दहा मिनिटांत उघडलं तर सायकलला लावा, तासभर टिकलं तर गोदामाला. तीन तास टिकलं तर मात्र मास्तर स्वतः उठून त्या कुलपाला हात लावून यायचे, एखाद्या हुशार पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पद्धत ठरलेली होती. भिंतीत पक्की बसवलेली एक पोलादी पेटी होती, हातभर लांब, वीतभर खोल. तिच्या दाराला कुलूप लावायचं आणि मग पहार, कटर, ड्रिल, जे असेल ते घेऊन तुटून पडायचं. पेटीत आधी एक चावीचं घड्याळ ठेवायचं. त्याचा खटका दाराला जोडलेला असे, दार उघडलं रे उघडलं की घड्याळ बंद. म्हणजे किती वेळ लागला यावर नंतर कुणाला तोंड उघडायला जागा नको.

शेवटी फॉर्म भरायचा. चौदा रकाने होते. त्यातला बारावा रकाना ‘आतील वस्तूंची स्थिती’. आता आत घड्याळाशिवाय असणार काय? म्हणून तो रकाना मास्तर सकाळीच, कुलूप लावायच्याही आधी, भरून मोकळे व्हायचे. ‘ठीक.’ केंद्रात सगळेच तसं करत. बाहेरून घाव घालणाऱ्यांचा बंदोबस्त झाला की काम झालं. आतल्याची चौकशी तीस वर्षांत कुणी केली नव्हती.

२

घरी मात्र वेगळंच चाललं होतं.

मास्तरांची बायको गेली दोन वर्षं विसरत चालली होती. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. लेकीचं नाव गेलं. समोर बसलेला हा पांढऱ्या मिशांचा माणूस आपला नवरा, हेही अधूनमधून जायचं. पण बोटं काही विसरली नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी हौसेनं तिला केसांतल्या आकड्यानं कुलूप उघडायला शिकवलं होतं. महिन्याभरात ती त्यांच्यापेक्षा तरबेज झाली. केंद्रात ही बातमी गेल्यापासून लोक तिला मास्तरीणबाई म्हणायला लागले होते, आणि तेव्हा मास्तरांची छाती फुगायची.

आता त्याच विद्येनं मास्तरांच्या नाकी नऊ आणले होते. ते कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जायचे. लावायलाच लागायचं. दार दोन फळ्यांचं, लाकूड जुनं, मधे अडीच बोटांची फट. मास्तरीणबाई त्या फटीतून हात बाहेर काढायच्या, आकडा फिरवायच्या आणि पाच मिनिटांत जिन्याखाली. तीन कुलपं झाली. तिसरं तर मास्तरांनी स्वतः वरच्या दर्जात पास केलेलं होतं. ते त्यांनी घरी आणून लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते दाराबाहेर पायपुसण्यावर नीट ठेवलेलं सापडलं.

गेल्या आठवड्यात ती हमरस्त्याच्या मधोमध सापडली. अनवाणी होती. दोन्ही बाजूंनी बसगाड्या कर्कश हॉर्न वाजवत होत्या आणि ही प्रत्येक गाडीच्या काचेला हात लावून विचारत होती, “आमचे हे आहेत का हो आत?” एका ड्रायव्हरला दया आली, त्यानं तिला घरी आणून सोडलं.

लेकीचा फोन आला. “बाबा, आता बास. इथे एक चांगली जागा आहे, चोवीस तास माणसं असतात. मी पुढच्या रविवारी येते, आपण आईला घेऊन जाऊ.”

“तुझी आई माझ्याजवळ राहील.”

“तुम्ही एकटे किती पुरणार?”

“पुरतोय की,” मास्तर म्हणाले.

कसले पुरतायत! कामावरून यावं, तर ही दारात उभी. “पोरगी शाळेतून आली का हो?” पोरगी पस्तिशीची, तिला स्वतःचा संसार. पहिल्यांदा मास्तर गोड बोलायचे. पाचव्यांदा नुसतं “हो” म्हणायचे. अकराव्यांदा दात-ओठ खायचे, आणि बाराव्यांदा हातातलं भांडं ओट्यावर दाणकन आपटायचे. ती दचकून कोपऱ्यात जाऊन बसायची, काय चुकलं ते न कळून रडायची. मग मास्तर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसायचे. हे लेकीला फोनवर कोण सांगणार?

रविवार दहा दिवसांवर होता. तोवर तिला रस्त्यापासून वाचवणारं एक कुलूप मास्तरांना हवं होतं.

३

ते कुलूप बुधवारी आलं. सोबत पत्रक नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसता खोका.

“खोक्यात दगड घातलाय की काय कुणी?” खोका टेबलावर ठेवत गिरमिट म्हणाला. हा मास्तरांचा जोडीदार. ड्रिल चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. तोंडही तसंच, एकदा सुरू झालं की आरपार.

कुलूप चांगलं दोन-अडीच किलोचं होतं. काळपट, गोलसर, कडी जवळजवळ सगळी अंगात दडलेली. कटरच्या जबड्याला धरायला जागाच नाही. किल्ली एकच, आखूड, बोटाएवढी जाड. मास्तरांनी ते उलटंपालटं केलं आणि थांबले. मागच्या अंगाला, म्हणजे लावल्यावर जे दाराकडे राहील तिथे, अगदी समोरच्यासारखंच किल्लीचं भोक होतं.

“हे कशाला?” गिरमिट म्हणाला. “आतून कोण उघडणार आहे?”

“असेल काहीतरी नक्षीकाम.” मास्तरांनी फॉर्मवर लिहिलं, ‘मागील भोक बिनकामाचं.’ बाराव्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं. घड्याळाला नेहमीप्रमाणे मोजून तीन वेढे चावी दिली, आत ठेवलं आणि कुलूप लावलं.

आकड्यांनी सुरुवात झाली. एकही आकडा आत काही धरेना. मग पहार, मग जॅक. मग गिरमिटानं ड्रिल लावलं, पाती तीन मोडली, कुलपावर साधी चकाकी उमटली तेवढीच. चार तास झाले. मास्तरांच्या अंगावर आनंदानं काटा आला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

“हरलो,” शेवटी गिरमिट घाम पुसत म्हणाला. “काढा किल्ली.”

मास्तरांनी किल्लीनं कुलूप उघडलं. दार उघडताच आतलं घड्याळ थांबलं, चार तास दहा मिनिटांवर. सगळं बरोबर होतं. पुढच्या चाचणीसाठी त्यांनी घड्याळ उचललं आणि चावी द्यायला गेले, तर चावी फिरेना.

घड्याळ गळ्यापर्यंत भरलेलं होतं. तीन वेढ्यांतले चार तास वापरून झाल्यावर स्प्रिंग ढिली असायला हवी होती. ती इतकी घट्ट होती की मास्तरांच्या बोटाला अर्धा वेढासुद्धा बसेना.

“तुम्हीच दिली असणार जास्त,” गिरमिट म्हणाला.

“मी तीनच देतो.”

“मास्तर, तुमचं हल्ली लक्ष असतं का जाग्यावर? परवा तुम्ही माझा डबा तुमचा म्हणून घरी नेलात.”

तेही खरंच होतं.

४

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरची चाचणी होती. पेटी बंद करून अर्धा तास झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की आपला चष्मा कुठे दिसत नाही. घड्याळ ठेवताना तो पेटीतच राहिला होता. चष्मा म्हणजे काय, काचांवर बोटांचं तेल, उजव्या दांडीचा स्क्रू सहा महिने लोंबकळत असलेला. दुरुस्त करून घेऊ, करून घेऊ, असं म्हणत राहून गेलं होतं. हल्ली सगळंच राहून जात होतं.

ग्राइंडरनं ठिणग्यांचा पाऊस पाडला आणि शेवटी पान झिजून संपलं. सगळं बंद केल्यावर खोलीत एकदम शांतता झाली. गिरमिटानं पेटीच्या दाराला कान लावला.

“काय रे?”

“मास्तर, आत कुणीतरी गुणगुणतंय.”

“ग्राइंडर कानात बसलाय तुझ्या.”

“अगदी तुमच्यासारखं गुणगुणतंय. तसंच बेसूर.” गिरमिट हसला, पण कान काढून घेतल्यावर त्यानं तो तळहातानं खसाखसा पुसला.

मास्तरांनी किल्ली फिरवली. चष्मा घड्याळाशेजारी होता. दोन्ही दांड्या मिटलेल्या. काचा अशा स्वच्छ की आहेत की नाहीत कळू नये. आणि स्क्रू आवळलेला होता.

मास्तरांनी तो चष्मा डोळ्यांवर चढवला. बऱ्याच महिन्यांनी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे स्पष्ट दिसले. मनाशी ते कारणं जुळवत होते. ग्राइंडरच्या कंपनानं स्क्रू आपोआप बसला असेल. उष्णतेनं काचेवरचं तेल उडून गेलं असेल. घड्याळाचं म्हणाल तर माणूस चुकतोच मोजताना. एकेक कारण पटण्यासारखं होतं. सगळी मिळून मात्र पटत नव्हती.

फॉर्मच्या बाराव्या रकान्यात सकाळचा ‘ठीक’ तसाच होता. मास्तर त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिले. मग साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले, “या कुलपाला अजून वेळ लागेल. एक चाचणी बाकी आहे. प्रत्यक्ष दारावर लावून बघायला हवं.”

“कुठल्या दारावर?”

“बघतो कुठलंतरी.”

“मास्तर, तुम्हाला मी काय सांगणार? पुढच्या मंगळवारी मात्र अहवाल द्या.”

५

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी गॅसची नळी काढून ठेवली, जेवणाचं ताट झाकलं, दुपारच्या गोळ्या वाटीत काढल्या. रोज शेजारच्या काकू बारा वाजता दुसऱ्या किल्लीनं दार उघडून गोळ्या द्यायच्या. या कुलपाला दुसरी किल्लीच नव्हती.

“आज मीच लवकर येतो,” मास्तर काकूंना म्हणाले. “अर्धा दिवसच जातोय.”

“बघा बाई. आत तिला काही झालं तर कुणाला जाता यायचं नाही हो.”

काकू बोलल्या ते खोटं नव्हतं. पण दुसऱ्या बाजूला तो रस्ता होता, त्या बसगाड्या होत्या. त्यांनी कुलूप लावलं. फटीतून आतल्या खुर्चीचा पाय आणि तिच्या गाउनचा काठ तेवढा दिसला. ती हात बाहेर काढेल म्हणून ते पाच मिनिटं थांबले. तिनं काढला नाही.

केंद्रात त्यांचा जीव टांगणीला लागला होता. बाराच्या ठोक्याला ते निघालेच. जिने चढताना धाप लागली. त्यांनी किल्ली फिरवली. दार उघडलं.

ती खिडकीशी बसली होती. तेल लावून, भांग पाडून, घट्ट वेणी घातलेली. गेले वर्षभर तिला फणी हातात कशी धरायची तेही आठवत नव्हतं. मास्तर कसंबसं रबर लावून केस बांधायचे तेवढंच. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. गोळ्यांची वाटी रिकामी.

“आलात?” तिनं मान वळवून विचारलं आणि मास्तरांना त्यांच्या नावानं हाक मारली. लग्नानंतर एकांतात मारायची, तशी.

मास्तर दारातच खाली बसले. हातातली पिशवी कुठे पडली त्यांना कळलं नाही. पोरासारखे हुंदके देऊन रडले.

“अहो, असं काय करता? सकाळभर तर इतके छान होता.” ती उठून त्यांच्याजवळ आली. “काय काय गप्पा मारल्या आपण.”

६

मग शनिवारही तसाच गेला. मास्तर कुलूप लावून गेले, परत आले, आणि आत त्यांची बायको होती. तिला जुनं घर आठवलं, भाड्याची सायकल आठवली, लेकीच्या जन्माच्या वेळची दाई आठवली. बोलायचं काय राहिलं होतं! दोघं जेवणाच्या ताटावर हात वाळेपर्यंत बोलत बसली.

रविवारी लेक आली ती रिकामी बॅग घेऊन, आईचे कपडे भरायला. आईनं दार उघडलं आणि तिला नावानं हाक मारून म्हणाली, “किती वाळलीस गं.” लेक आईच्या गळ्यात पडली ती सुटेना. बॅगेचं नाव कुणी काढलं नाही.

स्वयंपाकघरात तिनं बापाला गाठलं. “बाबा, हे कसं काय? तुम्ही केलंत तरी काय?”

“काही नाही. जरा शांततेत ठेवलं तिला.”

“मी तुम्हाला उगीच बोलले. तुमच्याइतकं कुणी केलं नसतं तिचं.”

मास्तरांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ते नळाकडे तोंड करून पेले विसळत राहिले.

आईनं बाहेरच्या खोलीतून हाक मारली, “अगं, बाबांना रागावू नकोस हं. मला काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलं ना, त्या दिवशी हे कामावरच्या संडासात कडी लावून तासभर रडले होते. बाहेरून लोक दार ठोठावत होते.”

लेकीचे डोळे भरले. मास्तरांच्या हातातला पेला मात्र सुटला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गिरमिटालासुद्धा नाही.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“तुम्हीच नाही का? काल वेणी घालताना.”

म्हातारपणात कधी बोलून गेलो असेन, झोपेत बरळलो असेन. मास्तरांनी तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

लेक चारच्या गाडीनं गेली. त्या दिवशी रविवार, मास्तर घरीच, कालपासून कुलूप लागलेलं नाही, दार सताड उघडं. पाच वाजता मास्तरीणबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, “पोरगी शाळेतून आली का हो?”

“आत्ता गेली ना ती. आपली मुलगी. मोठी झालीय ती.”

“हो का?” थोड्या वेळानं पुन्हा. “पोरगी शाळेतून आली का हो?”

मास्तरांनी डोळे मिटले. चौथ्यांदा उत्तर दिलं. सातव्यांदा दिलं. नवव्यांदा त्यांचा आवाज चढलाच. “किती वेळा सांगू? किती वेळा तेच तेच?”

ती दचकली. भिंतीला पाठ लावून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, पण अदबीनं. मग ती दाराकडे बघायला लागली.

“काय पाहिजे?” मास्तर खजील होऊन म्हणाले. “बाहेर जायचंय?”

“मला नाही. तुम्ही जा ना.”

“मी कशाला जाऊ?”

तिनं जरा विचार केला. लहान मुलाला समजावताना करतात तसा आवाज केला. “तुम्ही गेलात ना, की मग तुम्ही येता.”

७

सोमवारी मास्तरांनी ठरवलं, आज कुलूप नाही. खोक्यात घालून न्यायचं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. पुढचं पुढे. रजा काढू, नोकरी सोडू, पण घरात बसू. ते चपला घालत होते तेवढ्यात मास्तरीणबाई आतून आल्या. अडीच किलोचं ते धूड दोन्ही हातांत धरलेलं.

“विसरलात की,” ती म्हणाली.

“आज नको गं.”

“लावा.”

“मी राहतो ना घरी. मी बसतो तुझ्याजवळ.”

हात दुखत असतील, तरी ती कुलूप पुढे धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी यायला लागलं. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी कुलूप घेतलं, दार ओढलं, कडीत अडकवलं आणि दाबलं.

मग एक मजला उतरले. तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, वर कुणाचातरी रेडिओ चालला होता. नेहमीची सकाळ. इथून खाली उतरून कामावर जाणं एवढंच काय ते करायचं होतं. त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चोरासारखे पुन्हा वर आले.

दाराजवळ येताच त्यांना ऐकू आलं.

“पोरगी शाळेतून आली का हो?”

“येईल हं आता. तू तोवर वेणी घालून घे. मान सरळ.”

आवाज त्यांचा होता. सर्दी झाल्यावर बसतो तसा थोडा बसका, पण त्यांचाच. ते भिंतीला टेकले. रेडिओ असेल. शेजारचा कुणी असेल. काकूंचे दीर आले असतील. आपल्याच डोक्यात बिघाड झाला असेल, तिच्यासारखाच, होतो की या वयात.

“पोरगी शाळेतून आली का हो?”

“येईल हं. आज तिचा चित्रकलेचा तास आहे, थोडा उशीर होईल.”

“कसली चित्रं काढते?”

“घराची. आपल्या घराची काढलीय, त्यात तुला खिडकीत बसवलंय.”

ती हसली. असं हसू मास्तरांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा उत्तर, नवं, गोड, सावकाश. मास्तर सवयीनं मनगटावरचं घड्याळ बघत मोजत होते. सतरा. अठरा. एकोणीस. प्रत्येक वेळी ते आतला आवाज चढायची वाट बघत होते. चढावा असं त्यांना वाटत होतं, खोटं कशाला बोला. एकदातरी चिडावा. बाविसाव्यांदाही तो चिडला नाही.

ते वाकले आणि फटीला डोळा लावला.

तिची पाठ दिसली. मागे स्टुलावर कुणीतरी बसलेलं होतं. दाराच्या फळीमुळे फक्त गुडघा दिसत होता आणि दोन हात. हात तिच्या केसांचे तीन पेड घेऊन वेणी गुंफत होते. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. बावीस वर्षांपूर्वी छिन्नी निसटली तेव्हा ते चिरलं, आणि पुन्हा कधी नीट उगवलं नाही. मास्तरांनी डोळ्यांसमोर आपला डावा अंगठा धरला. मग पुन्हा आत पाहिलं.

ते हात थांबले होते. आपल्याकडे कुणी बघतंय असं जाणवल्यावर माणूस थांबतो तसे.

मास्तर सरळ झाले. भीती होतीच, पण तिच्याही वर राग चढला होता. माझी बायको आहे ती. तिचं बाळंतपण मी केलं, तिची आजारपणं मी काढली, रस्त्यावरून आल्यावर तिचे पाय मी धुतले. हा कोण? त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि भोकात घातली. लोखंडावर लोखंड घासलं.

आतलं बोलणं थांबलं.

“दाराशी खुट् झालं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाजात ती जुनी धास्ती आली होती, भांडं आपटल्यावर यायची ती. “बाहेर कुणी आहे का हो?”

मास्तरांनी तोंड उघडलं. मी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. अगं, मी आहे, मी. किल्ली अर्धी फिरली होती. अजून अर्धा वेढा, की दार उघडणार. मग ती त्यांच्याकडे बघणार, संध्याकाळी विसरणार, विचारणार. आणि नवव्यांदा काय होणार ते त्यांना माहीत होतं.

“नाही गं,” आतून शांतपणे उत्तर आलं. “कुणी नाही.”

“नक्की ना?”

“नक्की. मी आहे ना तुझ्याजवळ.”

तिनं सोडलेला निःश्वास फटीतून बाहेर ऐकू आला. मास्तरांनी किल्ली सावकाश मागे फिरवली आणि ती पुन्हा दचकू नये म्हणून अजिबात आवाज न होऊ देता बाहेर काढून घेतली.